कल्याणहून जुन्नरला, पायी

पुण्याहून जुन्नरला जायचं तर वाकडेवाडीला एसटी पकडायची, नारायणगावला डावीकडे वळायचं आणि अडीच-तीन तासांत जुन्नरच्या स्टँडवर उतरायचं. कल्याणला जायचं तर सकाळची गाडी आहे, घाट उतरली की आलंच. दोन्ही गावं पुणेकराच्या हाताशी, पण त्यांचं एकमेकांशी काही देणंघेणं असेल असं इथे बसून वाटत नाही. सगळे रस्ते पुण्यातूनच फुटतात, हा आपला जुना समज. प्रत्यक्षात पुण्याचं नाव कुणाच्या तोंडी यायच्या कित्येक शतकं आधी जुन्नर आणि कल्याण यांच्यात राबता रस्ता होता. पैठणकडून निघालेला माल जुन्नरला यायचा आणि तिथून नाणेघाट उतरून कल्याणच्या किंवा सोपाऱ्याच्या बंदरात जायचा. सातवाहनांच्या काळातला, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचा रस्ता. मला तो चालायचाय. जुन्नर ते कल्याण, सगळा.

वाद आहे तो या ‘सगळा’वर.

नाणेघाट म्हटलं की पुण्यात प्रत्येकाकडे एक फोटो असतो. भर पावसातला, नानाचा अंगठा म्हणतात त्या सुळक्यापाशी वाऱ्यानं उलटं उडणारं पाणी, पुढे छत्री उलटी झालेली कुणीतरी मावशी. ‘अगं, गाडी अगदी वरपर्यंत जाते,’ असं मला इतक्यांनी सांगितलं की आता मी नुसती मान डोलावते. जाते, हे खरंच. घाटघरच्या पुढे थेट घाटमाथ्यापर्यंत डांबरी रस्ता आहे, शनिवार-रविवारी पार्किंगला जागा मिळत नाही. ज्यांना हा फोटोवाला नाणेघाट नको ते दुसरा सल्ला देतात: खालून वैशाखऱ्यापासून चढा, गुहा बघा, उतरा, संध्याकाळी घरी. हाही उत्तम कार्यक्रम आहे. पण घाट म्हणजे चार-पाच किलोमीटरचा तुकडा. जुन्नर ते कल्याण अंतर शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. त्यातले पंचाण्णव सोडायचे आणि उरलेल्या पाचांना ‘प्राचीन व्यापारी मार्ग’ म्हणायचं, हे मला पटत नाही. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून जो कुणी निघायचा त्याला घाटापुरतं उतरून फोटो काढून परत जाता येत नव्हतं.

आपल्याकडे चालायचे दोनच साचे आहेत. एक ट्रेक, दुसरा वारी. ट्रेकला किल्ला लागतो, माथा लागतो, रविवार लागतो आणि उतरल्यावर पिठलं-भाकरी लागते. कात्रज ते सिंहगड रात्रभर चालणारी मंडळी माझ्या ओळखीत डझनावारी आहेत. त्यांना ‘मुरबाड ते कल्याण’ म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर दया दिसते. वारीचं तसं नाही. वारी हे लांब पल्ल्याचं चालणं कसं बसवावं याचं जगात तोड नसलेलं उदाहरण आहे आणि ते मी भक्तिभावानं नाही, कामाची माणूस म्हणून म्हणते आहे. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर, मुक्कामांची यादी महिनाभर आधी पेपरात, प्रत्येक दिंडीचा ट्रक पुढे गेलेला, राहुट्या ठोकलेल्या, टँकर उभा, विसाव्याच्या जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या. पुणे ते सासवड हा टप्पा मी चालले आहे, तोही पुष्कळ पुणेकरांसारखा फक्त तेवढाच. दिवेघाट चढताना पाय दुखतात हे आठवतं; पाणी कुठून आलं, जेवण कुठे झालं हे आठवत नाही, कारण ते शोधावंच लागलं नाही. सोय इतकी चोख असली की ती दिसेनाशी होते.

पण ट्रेकही नाही आणि वारीही नाही, नुसतंच एका गावाहून दुसऱ्या गावाला चार-पाच दिवस चालत जायचं, सुट्टी म्हणून, याला आपल्याकडे खण नाही. माझी भाची जर्मनीत असते. तिनं स्पेनमधली सान्तियागोची यात्रावाट चालली, धर्माशी तिचा काही संबंध नसताना. वाटभर दगडांवर, भिंतींवर पिवळे बाण रंगवलेले, प्रत्येक गावात स्वस्तातली यात्रेकरूंची धर्मशाळा, हातात एक पुस्तिका, तीवर मुक्कामागणिक शिक्के. चालत जाणाऱ्यानं निदान शेवटचे शंभर किलोमीटर पायी केले असतील तर पोचल्यावर प्रमाणपत्र. तिनं फोनवर हे सांगितलं तेव्हा मी आधी हिशेब केला तो जुन्नर-कल्याणचाच. शंभर! आमच्याकडे बाण नाहीत, धर्मशाळा नाही आणि शिक्का मारायला कुणी बसलेलं नाही. पण वाट त्यांच्यापेक्षा म्हातारी आहे.

तयारी नकाशापासून सुरू केली. फोनमधल्या नकाशाला चालणाऱ्याचा प्रश्नच समजत नाही. तो मला माळशेज घाटातून, महामार्गानं, ‘सर्वांत जलद’ नेऊ बघतो. म्हणून भारतीय सर्वेक्षण खात्याचे पन्नास हजारी नकाशे उतरवून घेतले, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे मोठ्या कागदावर छापले आणि जेवणाच्या टेबलावर चिकटपट्टीनं जोडले. या नकाशात दोन सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर. अंतर मोजायची युक्ती माझ्या वडिलांची: शिवणाचा जाडसर पांढरा दोरा ओला करायचा, म्हणजे तो कागदाला चिकटून वळणं घेतो. जुन्नरच्या चौकात दोऱ्याचं टोक बोटानं दाबून धरायचं आणि दुसऱ्या हातानं रस्त्याची वळणं धरत पुढे जायचं. आपटाळे. चावंडचा किल्ला डाव्या हाताला. उजवीकडे माणिकडोह धरणाचं निळं पाणी बोटं पसरल्यासारखं आत घुसलेलं. कुकडेश्वराचं देऊळ, जिथे कुकडी उगम पावते. घाटघर. इथपर्यंत सत्तर सेंटीमीटरच्या आत दोरा संपला, आणि तपकिरी समोच्च रेषा तोवर ऐसपैस पसरलेल्या होत्या. घाटमाथ्याशी आल्यावर त्या एकदम एकमेकींना चिकटल्या, इतक्या की त्यांच्यातून कागद दिसेना. पुणे जिल्ह्याची हद्द तिथेच संपते. पलीकडे ठाणे जिल्हा. त्या गिचमिडीतून घाटाची तुटक रेघ खाली उतरते, दोरा अर्धी वीतही लागत नाही. मग वैशाखरे, टोकावडे, सरळगाव, मुरबाड, गोवेली, शहाड, कल्याण, आणि रेषा पुन्हा विरळ. दोरा उचलून सरळ केला तर दोन मीटरच्या आसपास भरला. त्या दोन मीटरमधली अर्धी वीत लोकांना ठाऊक आहे.

दोरा वाळत होता तोवर मी वाचायला घेतलं. नाणेघाटातल्या गुहेचं महत्त्व शाळेत शिकलेलं असतं, पण ‘नागनिकेचा शिलालेख’ यापलीकडे डोक्यात काही राहत नाही. घाटाच्या तोंडाशी कातळात खोदलेली ही एक मोठी खोली, भिंतींना लागून दगडी ओटे. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आज ते नाहीत, त्यांच्या डोक्यावर कोरलेली नावं मात्र आहेत. सिमुक सातवाहन, राणी नायनिका (हीच ती नागनिका) आणि राजा सातकर्णी, शिवाय राजपुत्र आणि एक महारठी, म्हणजे मोठा सरदार. बाजूच्या भिंतींवर राणीचा लांबलचक लेख. कोणकोणते यज्ञ केले आणि प्रत्येकात दक्षिणा किती दिली याची यादी. गायी, घोडे, हत्ती, गावं, कार्षापण नावाची नाणी. भगवानलाल इंद्रजींनी ते वाचण्यात मोठं काम केलं. त्यातले आकडे अंकांत लिहिलेले आहेत आणि आपल्या आजच्या अंकांचे पूर्वज म्हणून जगभर दाखवले जातात. शून्य नाही. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. घाट चढून धापा टाकत आलेल्या व्यापाऱ्यानं गुहेत टेकावं आणि समोर राजघराण्यानं किती दान दिलं त्याचा हिशेब वाचावा, अशी ही योजना. जाहिरात म्हणून नामी जागा. मार्केट यार्डाच्या फाटकावर फलक लावणाऱ्यांना ती कळेल.

गुहेजवळ कातळातच कोरलेला एक रांजण आहे. त्यात जकात टाकायचे, असं सांगतात. टाकतही असतील. मला शंका आहे. जकात घेणारा माणूस समोर बसलेला असताना नाणी दगडी रांजणात कशाला पडतील, आणि तो समोर नसेल तर त्या रांजणात सकाळपर्यंत काय उरेल?

मला अडकवलं ते मात्र राणीच्या लेखानं नाही. त्याहून कितीतरी छोट्या, एका ओळीच्या लेखांनी. नाणेघाटातच एका पाण्याच्या टाक्याजवळ कोरलंय की ही पोढी, म्हणजे पाण्याचं टाकं, सोपाऱ्याच्या गोविंददासाचं दान. जुन्नरला शिवनेरीच्या लेण्यांत इरिला नावाच्या एका यवनानं (यवन म्हणजे त्या काळी ग्रीक किंवा पश्चिमेकडचा परदेशी) दोन पोढ्या दिल्याचा लेख आहे; चिट नावाच्या दुसऱ्या यवनानं भोजनमंडप दिला. आणि लेण्याद्रीला, जिथे आपण गिरिजात्मजाच्या दर्शनाला पायऱ्या मोजत जातो, त्या गणपतीच्या शेजारचं सहाव्या क्रमांकाचं लेणं, ते देखणं चैत्यगृह, कुणी दिलं? कल्याणच्या सुलसदत्तानं, हेरणिकाच्या मुलानं. म्हणजे बाप सोन्याचा किंवा पैशांचा व्यवहार बघणारा, मुलगा कल्याणचा रहिवासी, आणि लेणं शंभर किलोमीटर लांब, सह्याद्रीच्या वर, जुन्नरला.

हा माणूस किंवा त्याची माणसं या रस्त्यानं कितीदा तरी गेली असतील. गोविंददासाला घाटात तहान लागली असेल, निदान आपल्या बैलांना पाजायला पाणी नाही याची काळजी लागली असेल. वाटेवर पैसे खर्च करताना या लोकांनी काय दिलं? पाणी, जेवायची जागा, निवारा. आणि मी टेबलावर नकाशा पसरून वहीत कोणते रकाने आखले होते? पाणी, जेवण, मुक्काम. नागनिकेनं किती हत्ती दिले याच्याशी माझ्या वहीचा संबंध नव्हता. गोविंददासाच्या पोढीशी होता. कल्याणचा पैसा लेण्याद्रीच्या कातळात गेला आहे हे वाचल्यावर वैशाखऱ्याला उतरून ‘झालं’ म्हणणं मला शक्यच राहिलं नाही.

मग फोन सुरू केले. घाटघरला आता बऱ्याच घरांत जेवणाची आणि राहायची सोय करतात. एका घरचा नंबर मिळाला.

“किती माणसं, ताई?”

“दोन बायका.”

“गाडी कुठली? मोठी असंल तर वर लावावी लागंल.”

“गाडी नाही. चालत येणार.”

“जुन्नरपासनं?” थोडा वेळ शांतता. “का वो, एसटी बंद हाय का?”

मी समजावलं. जुना रस्ता, सातवाहन, व्यापारी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग भाकरी किती वाजता टाकायच्या?” जगातला सगळ्यात योग्य प्रश्न. अंधार पडायच्या आत येतो म्हटलं. त्यांनी सांगितलं की वाटेत पाण्याची काळजी करू नका, कुठल्याही दारात मागा, आणि वर हेही की धरणाकडेनं एक जवळची वाट आहे, पण ती नवख्याला सापडत नाही. जुना रस्ता नदीकाठानं गेला असेल तर आज त्यातला काही धरणाच्या पाण्याखालीच असणार. त्यामुळे डांबरी तर डांबरी.

घाटाखालचं गणित अवघड निघालं. टोकावडे ते कल्याण ही कल्याण–नगर महामार्गाची बाजू. चहाची टपरी दर दोन किलोमीटरवर, वडापाव मुबलक, मोबाइलला रेंज, आणि चालणाऱ्यासाठी काहीही नाही. कडेला पायवाट नाही, सावली तुटक आहे, आणि हे लिहायला कुणाला आवडत नाही तरी लिहिते: दोन बायकांना लघवीला जायला जागा नाही. घाटात, रानात हा प्रश्न येत नाही. झाडी असते, माणूस नसतो. हायवेवर दोन्ही उलटं. मी वहीत चौथा रकाना आखला आणि नकाशावरून पेट्रोल पंप शोधून त्यात भरले. पंपावर स्वच्छतागृह असावंच लागतं. ते उघडं असेल, स्वच्छ असेल, किल्ली मॅनेजरच्या घरी गेलेली नसेल, या पुढच्या गोष्टी. चालण्याच्या सुट्ट्यांवर मी बरंच काही वाचलं; बूट कोणते घ्यावेत यावर पानंच्या पानं, याच्यावर अवाक्षर नाही. ती पानं लिहिणारे बहुतेक पुरुष असावेत.

शक्य तिथे महामार्ग सोडून आतल्या गावरस्त्यांनी जायचं ठरवलंय. मुरबाडच्या अलीकडे-पलीकडे भातखाचरांच्या बांधांना लागून छोटे रस्ते नकाशात दिसतात. अंतर वाढेल. वाढू दे. नाहीच जमलं तर पहाटे, गर्दी व्हायच्या आत, येणारी वाहनं समोर दिसतील अशा उजव्या बाजूनं, एकामागे एक.

बरोबर कोण, तर नणंद. ती कल्याणला राहते, शाळेतून निवृत्त झाली आहे, आणि सुलसदत्ताचं ऐकल्यावर तिला एकदम गावाचा अभिमान चढला. “बघ, आम्ही कल्याणवाले पूर्वीपासूनच दिलदार,” हे ती आता महिनाभर ऐकवते आहे. तिचे गुडघे मात्र दिलदार नाहीत, आणि माझेही फार बरे नाहीत. नाणेघाटाचा उतार म्हणजे सहाशे-सातशे मीटर सलग खाली. वरचा भाग फरसबंदीचा, उंच-सखल पायऱ्यांचा. दगड शतकानुशतकांच्या पावलांनी गुळगुळीत झालेले. चढायला दम लागतो, उतरायला गुडघे लागतात, आणि आमच्याकडे दम थोडा जास्त शिल्लक आहे.

“वहिनी,” ती एके रात्री फोनवर म्हणाली, “आपण जुन्नरहूनच का निघतोय?”

मला उत्तर देता येईना. कारण एवढंच होतं की मी पुण्यात राहते आणि जुन्नर पुणे जिल्ह्यात आहे. आपल्या अंगणापासून मोजायला सुरुवात करायची सवय.

“माझ्याकडे ये. रात्री राहा. सकाळी दुर्गाडीपासून, खाडीपासून निघू. आणि वर जाऊ.”

मी नकाशा पुन्हा काढला आणि उलटा फिरवला. जितका विचार करत गेले तितकं तिचं म्हणणं पटत गेलं. चढ वाट्याला येणार, उतार नाही. कोकणातला उकाडा आणि महामार्ग पहिल्या दोन दिवसांत, अंगात उत्साह असतानाच उरकणार. शेवटी ठेवला असता तर मुरबाडच्या नाक्यावर रिक्षा दिसली की आम्ही बसलो असतो, हे दोघींनाही माहीत आहे. आरंभीच असेल तर बसायला तोंड कुठे आहे? नंतर मोकळं माळरान, घाट, गुहा, आणि घाटमाथ्यावरची थंड हवा. धरणाच्या काठाकाठानं हलका उतार धरत जुन्नर. शेवटच्या दिवशी लेण्याद्री, तिच्या गाववाल्यानं दिलेल्या चैत्यगृहापर्यंत. माल तर दोन्ही दिशांना जायचाच: वरून खाली कापूस, कापड, धान्य, आणि खालून वर मीठ, बंदरात उतरलेल्या परदेशी वस्तू. पण सुलसदत्त कल्याणचा. तो चढूनच गेला असणार.

बंदराच्या टोकाकडून निघण्यात आणखी एक गंमत आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं आपल्या किनाऱ्यावरच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली आहे, ‘पेरिप्लस’ नावानं ती ओळखली जाते. त्यात कल्याणचा उल्लेख आहे. आधीच्या राजाच्या काळात हे रीतसर बंदर होतं, पण पुढे तिथे अडथळे आणले गेले आणि चुकून तिथे लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला पाठवली जाऊ लागली, असं तो लिहितो. वरच्या राजकारण्यांनी बंदराचं दार लावलं की घाटातल्या बैलांच्या गळ्यातल्या घंटाही थंडावत असणार. रस्ता चालू राहण्यासाठी नुसता डोंगर फोडून भागत नाही. आणि पुढे एकोणिसाव्या शतकात आगगाडी आली ती १८६३ मध्ये बोरघाट चढून पुण्याकडे आणि १८६५ मध्ये थळघाट चढून नाशिककडे. मोटारींसाठी नगरचा रस्ता माळशेजातून गेला. नाणेघाट या सगळ्यांच्या मध्ये तसाच राहिला. कुणी त्याला रुंद केलं नाही म्हणूनच फरसबंदी आज पायांखाली लागते. मागे पडण्याचा असाही फायदा असतो; जुन्नर गावाला मात्र तो झाला असं म्हणवत नाही.

सामानावरून घरात दोन पक्ष आहेत. नवऱ्याचं म्हणणं, मी गाडी घेऊन पुढे जातो, बॅगा मुक्कामाला पोचवतो. भाचीच्या स्पेनमधेही बॅगा पुढे नेणाऱ्या कंपन्या आहेत म्हणे, आणि कडवे चालणारे त्या वापरणाऱ्यांना नाकं मुरडतात. मला त्यात कमीपणा वाटत नाही. दिंडीचा ट्रक पुढे जातो म्हणून वारी खोटी होत नाही, आणि व्यापारी तरी गोण्या स्वतःच्या पाठीवर कुठे नेत होते? तरीही मी नको म्हटलं, आणि कारण वेगळं आहे. गाडी मागेपुढे असली की चालणं हा खेळ होतो. पाऊस आला, बसा. पाय दुखला, बसा. घाटघरच्या बाईंना पुन्हा सांगावं लागेल की गाडी आहे पण आम्ही तिच्यात नाही. नवऱ्याला त्याऐवजी शेवटच्या दिवशी लेण्याद्रीच्या पायथ्याशी बोलावलंय, उसाचा रस पाजायला.

तर बॅगा पाठीवर, आणि पाठीवर म्हणजे वजन करून. माळ्यावरचा स्प्रिंगचा काटा काढला. बॅग दाराच्या कडीला अडकवून तोलली तर पहिल्यांदा नऊ किलो. कपड्यांचा एक जोड, शाल, पातळ स्लीपिंग बॅग, टॉर्च, औषधं, पाण्याच्या दोन बाटल्या. आणि एक डबा, ज्यात मी प्रवासाला निघताना भरतेच ते सगळं: दशम्या, गूळ-शेंगदाणे, मेतकूट, लसणाची चटणी, चिवडा. वडापावच्या रस्त्यावर चार दिवस पुरेल एवढा फराळ घेऊन जाणं हा पुणेरी अविश्वास आहे. चिवडा काढला, मेतकूट काढलं. मेतकूट परत ठेवलं. साडेसहा किलोवर तडजोड झाली. दोरी तुळशीबागेतून आणली, कशाला लागेल माहीत नाही, पण दोरी असावी.

सराव हा वेगळाच विषय. पुण्यात राहणाऱ्याला टेकड्यांचं सुख आहे. पर्वती, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, घरून अर्ध्या तासात कुठलीही. पण आमचा खरा शत्रू चढ नव्हे. सपाट डांबरावर सलग वीस-बावीस किलोमीटर चालताना तळव्यांना फोड येतात, ते टेकडीवर कळत नाही. म्हणून मी रविवारी टेकडी सोडून कालव्याच्या कडेनं आणि मग भर रस्त्यानं हडपसरच्या दिशेनं चालते. त्या चालण्यात बघण्यासारखं काही नाही. दुकानांच्या पाट्या, फुटपाथवर लावलेल्या दुचाकी, त्यांना वळसा, परत फुटपाथ. पण मुरबाडच्या अलीकडचे तास असेच जाणार आहेत, आणि त्या तासांत एकमेकींशी बोलायला आम्हा नणंद-भावजयीकडे तीस वर्षांचा साठा आहे.

कधी जायचं हे पंचांगानं ठरवलं. पावसाळ्यात नाणेघाट देखणा असतो, पण दगडांवर शेवाळ आणि वाटेवर लोंढे. फेब्रुवारी उलटला की कोकण तापतं. पौष पौर्णिमेला मुरबाडजवळ म्हसाची जत्रा भरते, बैलांच्या बाजाराची आणि घोंगड्यांची. ती बघायची फार इच्छा आहे, बैलांच्या वाटेवर चाललोय तर बैल बघूनच जावेत. पण त्या दिवसांत तिथे मुक्कामाला जागा मिळणं मुश्कील आणि नणंदेला घोंगडी घेतल्याशिवाय राहवणार नाही, ती मग नाणेघाटात कोण वाहणार? त्रिपुरी पौर्णिमेनंतरचा आठवडा नक्की केला. भातं कापून झालेली असतात, बांधांवरून जाता येतं, गवत पिवळं पडायला लागलेलं, आणि वरच्या टाक्यांत अजून पाणी असतं.

एक मुक्काम अजून जुळत नाही. पहिल्या रात्री मुरबाडला लॉज आहे, शेवटी घाटघरचं घर आहे. मधली रात्र वैशाखऱ्याच्या आसपास काढली तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या गारव्यात घाट चढता येईल, पण तिथे अजून ओळख निघालेली नाही. शाळेची खोली मिळेल, देवळात झोपता येईल, असं सगळे सांगतात. नणंदेच्या शाळेतल्या एका बाईंचं माहेर टोकावड्याचं आहे. दोन हजार वर्षांच्या रस्त्यावरची सोय शेवटी कुणाच्या तरी माहेरावर येऊन थांबली आहे. त्या बाई दिवाळीला जातील तेव्हा विचारतील.

नणंदेचा सराव सुरू झालाय. काल सकाळी ती नवे बूट घालून मुरबाड रस्त्यानं शहाडच्या पुलापर्यंत गेली आणि परत आली. फोनवर सांगत होती, “वहिनी, तीन रिक्षावाल्यांनी विचारलं. तिसरा तर म्हणाला, मावशी, पैसे नका देऊ, बसा, कुठे जायचंय? म्हटलं, जुन्नरला. त्यानं रिक्षा जी सोडली!”